ड्रायव्हरची डुलकी पकडणारी यंत्रणा

गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यावर झापड आलीय का, किंवा त्याची नजर रस्ता सोडून मांडीवरच्या मोबाईलकडे गेलीय का, हे गाडीनंच ओळखायचं आणि बझर वाजवायचा, सीट नाहीतर स्टिअरिंग थरथरवायचं, समोर कॉफीच्या कपाचं चित्र दाखवायचं, असा हा सगळा प्रकार. शोरूममध्ये याला ड्राउझिनेस अलर्ट म्हणतात, कॅमेरा असेल तर ड्रायव्हर मॉनिटरिंग. नावावरून वाटतं की ही यंत्रणा झोप घालवते, तसं काही नाही, ती फक्त हाक मारते.

१०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंद डोळा लागला तर ८० मीटरच्या वर अंतर कुणीच गाडी चालवत नसतं. आणि गंमत अशी की एवढी छोटी डुलकी लागून गेली हे बऱ्याचदा ज्याला लागली त्यालाच कळत नाही, शेजारी बसलेल्याला विचारलं तर कळतं. पहाटे २ ते ५ ही सगळ्यात वाईट वेळ, दुसरी दुपारची, आणि दुपारच्या पेंगेचं खापर आपण जेवणावर फोडतो पण शरीराच्या घड्याळाचाही त्यात मोठा हात असतो. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांमध्ये असं दिसलं की सलग १७ तासांच्या आसपास जागा असलेला माणूस साधारण ०.०५ टक्के अल्कोहोल रक्तात असल्यासारखा वागतो, आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. फक्त दारू नाक्यावर फुंकायला लावून पकडता येते, झोप तशी पकडता येत नाही.

ओळखायच्या पद्धती मुख्य दोन. पहिली स्टिअरिंगवरून. जागा माणूस स्टिअरिंग सतत थोडं थोडं हलवत असतो, पेंगणारा काही क्षण ते तसंच धरून ठेवतो आणि मग दचकून झटका देतो, हा पॅटर्न गाडीचा कॉम्प्युटर ओळखतो. व्होल्व्होनं २००७ मध्ये रस्त्यावरच्या पट्ट्यांकडे बघणारा कॅमेरा जोडून असं काहीतरी आणलं, मर्सिडीजचं अटेन्शन असिस्ट २००९ चं, आणि कॉफीचा कप तिथूनच प्रसिद्ध झाला. आपल्याकडे महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ पासून हे फीचर मिळायला लागलं. ही पद्धत स्वस्त पण तिला सरळ, मोकळा रस्ता लागतो. बोरघाटात किंवा हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंग इतकं फिरतं की त्यातून झोप शोधणं अवघड.

दुसरी पद्धत कॅमेऱ्याची, लेक्ससनं २००६ मध्येच स्टिअरिंगच्या मागे बसवला होता. त्याच्यासोबत डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश असतो म्हणून रात्रीही चेहरा दिसतो, आणि बऱ्याचशा गॉगलमधूनही (सगळ्या नाही). एका मिनिटात पापण्या ८० टक्क्यांहून जास्त मिटलेल्या किती वेळ होत्या हे माप १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधनातून आलं आणि अजून वापरात आहे. मान कुठं वळलीय, नजर कुठंय, हेही तोच बघतो, त्यामुळे मोबाईलवाला इथे सापडतो, स्टिअरिंगच्या पद्धतीत सहसा सुटतो. त्रास म्हणजे खोटे अलर्ट. साईड मिरर जरा जास्त वेळ बघितला, जोरात हसलात, की बझर. मग लोक वैतागून सेटिंगमध्ये जाऊन बंद करतात नाहीतर कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात.

युरोपियन युनियननं हे सक्तीचं केलंय. झोपेचा इशारा नव्या मॉडेल्सना जुलै २०२२ पासून आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला जुलै २०२४ पासून, ७० च्या वर स्पीड गेला की यंत्रणा चालू. लक्ष विचलित झाल्याचा इशारा वेगळा, त्यात ५० च्या वर नजर साधारण साडेतीन सेकंद खाली राहिली तर गाडीनं ओरडायचं. भारतात नितीन गडकरींनी २०२१ मध्ये कमर्शियल गाड्यांना झोप ओळखणारे सेन्सर लावायची भाषा केली, आणि २०२५ मध्ये बस आणि मोठ्या ट्रकसाठी केंद्राच्या नियमांचा मसुदा आला.

महाराष्ट्रात हा विषय समृद्धी महामार्गामुळे घरोघरी पोचला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर रस्ता सुरू झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१. सरळसोट, एकसुरी, सुरुवातीला थांबायला धड हॉटेल नाही, म्हणजे पेंग यायला सगळं अनुकूल. स्टिअरिंगवाली यंत्रणा खरं तर अशाच रस्त्यासाठी जन्मली, पण तिथे रात्री धावणाऱ्या कित्येक जुन्या ट्रकांमध्ये ती नाहीच, तिथे आपला क्लीनर हीच यंत्रणा, आणि तोही झोपलेला असतो.

उलटा प्रकारही आहे. एकीकडे गाडी सांगते समोर बघा आणि दुसरीकडे एसीचं बटण काढून टॅबलेटएवढ्या स्क्रीनमध्ये तीन मेन्यू आत टाकते. युरोपातल्या सेफ्टी रेटिंगमध्ये आता म्हणून साध्या बटणांना पुन्हा मार्क द्यायला लागलेत.

बझर वाजल्यावर काय, याचं उत्तर गाडीकडे नाही. खिडकी उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं याचा असर फार टिकत नाही. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली), पण सकाळी सातच्या आत माल पोचवायचाय असं मालकानं सांगितलं असेल तर ड्रायव्हर बझर ऐकतो आणि पुढे जातो. काही मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे आता अलर्ट ऑफिसलाही जातो, तिथून फोन येतो (चालत्या गाडीत, हेही आलंच). खरा उपाय १५-२० मिनिटांची झोप, आणि त्याआधी कॉफी प्यायली तर बरं, कारण तिचा असर व्हायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात झोप होऊन जाते. हे फूड मॉलला किंवा पेट्रोल पंपावर करायचं, एक्सप्रेसवेच्या शोल्डरवर (कडेच्या पट्टीवर) नाही, मागून येणाराही पेंगतच असेल कदाचित.