इमो आणि गॉथ: काजळ सारखं, गाणं वेगळं

काळे कपडे, डोळ्यांत गडद काजळ, चेहरा उदास. असा पोरगा दिसला की कुणी त्याला इमो म्हणतं, कुणी गॉथ. हा घोळ मला खटकतो, कारण दोन्ही गोष्टी आधी संगीत आहेत आणि गाणी ऐकली की फरक लगेच कानात भरतो.

आजोळ दोघांचंही पंकच, म्हणजे वेगवान, बंडखोर रॉक. पण गॉथ वाढलं ब्रिटनमध्ये. नॉर्थॅम्प्टनच्या बौहाऊस या बँडने १९७९ मध्ये ‘बेला लुगोसीज डेड’ काढलं, ड्रॅक्युला साकारणाऱ्या नटावरचं नऊ मिनिटांहून मोठं गाणं. सुरुवातीला ड्रमच्या कडेवर पडणारी काठीची टकटक, तिचा घुमत राहणारा प्रतिध्वनी, मग पायरी पायरीने खाली उतरणारी बेस गिटार. गायक तोंड उघडतो तोवर जवळपास तीन मिनिटं सरलेली असतात. इथे कुणी स्वतःचं दुःख सांगत नाही. मृत्यू, वटवाघळं, कोमेजलेली फुलं यांतलं सौंदर्य थोडं लांबून न्याहाळलं जातं. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह क्लब सुरू झाला आणि या मंडळींना हक्काची जागा मिळाली. लेस, मखमल, पांढराफटक चेहरा हे सगळं गॉथमध्ये जवळजवळ पहिल्यापासून आहे.

इमोत पेहराव फार उशिरा आला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन डीसीमध्ये हार्डकोर पंकच्या, म्हणजे आणखी वेगवान आणि आक्रमक पंकच्या, कार्यक्रमांत हाणामाऱ्या वाढल्या होत्या. त्याला कंटाळलेल्या पोरांनी १९८५ च्या उन्हाळ्यात वेगळी वाट धरली. राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडचा गाय पिचोटो गातो तेव्हा वेग आणि ओरडणं हार्डकोरचंच, पण राग व्यवस्थेवर नाही. हातून निसटलेल्या दिवसांची हळहळ आहे. अंगावर काय, तर साधा टीशर्ट. ‘इमोशनल हार्डकोर’चं झालं इमोकोर, मग नुसतं इमो. एम्ब्रेस या बँडचा इयान मकाय याने तेव्हाच मंचावरून या नावाला मूर्खपणा म्हटलं होतं. मला हे फार बोलकं वाटतं: जन्मापासून इमोचं नाव इतरांनीच ठेवलेलं आहे.

मग गल्लत झाली कुठे? २००० नंतर. न्यू जर्सीच्या माय केमिकल रोमान्स या बँडने ‘द ब्लॅक परेड’ हा अल्बम २००६ मध्ये आणला. मृत्यूची मिरवणूक, काळे गणवेश, म्हणजे पेहराव पुष्कळसा गॉथकडे झुकलेला. गायक जेरार्ड वे यानेही इमो हे बिरुद झिडकारलं, पण लोकांच्या डोळ्यांत ठसलं ते काजळच. आणि हा शिक्का पोरांना महागात पडला. मार्च २००८ मध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जमावाने इमो पोरांना चौकात गाठून मारलं, तेही नुसत्या दिसण्यावरून.

ज्याला इमो खरंच समजून घ्यायचंय त्याला मी अमेरिकन फुटबॉल या इलिनॉयच्या बँडचा १९९९ चा अल्बम ऐकवेन. एकमेकांत गुंफलेल्या दोन गिटारी, मधेच येणारा ट्रम्पेट आणि हलक्या आवाजात सांगितलेला ताटातुटीचा सल. मुखपृष्ठावर ना कबर ना वटवाघूळ. अर्बाना गावातलं एक साधं घर आहे आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा लागलेला आहे.