सिस्टरच्या हाती सोपवलं म्हणजे टाळलं?

'डॉक्टर राउंडला येत नाहीत, सगळं सिस्टरच बघतात, म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडलं.' हा समज आपल्या वॉर्डांत जुनाच आहे. पण तीव्र आजार ओसरल्यावर औषधाइतकंच काम उठून बसण्याचं, स्वतःच्या हाताने जेवण्याचं, भीती जाण्याचं असतं. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात लिडिया हॉल या नर्सने 1963 मध्ये लोएब सेंटर सुरू केलं ते याच टप्प्यासाठी. तिथे प्रमुख नर्स, डॉक्टर मदतीला. अंघोळसुद्धा प्रशिक्षित नर्सच घालायची, कारण पेशंट मनातलं बोलतो ते तेव्हाच. (राउंडच्या दोन मिनिटांत कोण बोलणार?)

पुढे, बहुतांशी ब्रिटनमधल्या अशा नर्स-प्रमुख वॉर्डांच्या 10 चाचण्या, सुमारे 1,900 रुग्ण, 2007 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहणारा अभ्यास) तपासल्या गेल्या. नेहमीच्या वॉर्डांच्या तुलनेत घरी जाताना हे रुग्ण जास्त स्वावलंबी होते, वृद्धाश्रमात कमी गेले, लगेच पुन्हा दाखल होण्याचं प्रमाणही कमी. मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. मात्र तिथल्या मृत्यूंवर लक्ष ठेवा, असं अभ्यासकांनी बजावलं. मुक्काम मात्र सरासरी पाचेक दिवसांनी लांबला. म्हणजे स्वस्तातली सोय म्हणूनही हे खपवता येत नाही.