फ्रान्सची बुरखाबंदी : कायदा आधी, कारण नंतर

फ्रान्समध्ये ११ ऑक्टोबर २०१० रोजी झालेल्या कायद्याला जगभर ‘बुरखाबंदी’ म्हणतात. त्याच्या मजकुरात मात्र बुरखा, नकाब किंवा इस्लाम यांपैकी एकही शब्द सापडत नाही. पहिले कलम एका वाक्याचे आहे : चेहरा झाकण्यासाठीचा पोशाख सार्वजनिक जागी कोणीही घालू नये. पुढच्या कलमात रस्ते, लोकांना खुल्या असलेल्या जागा आणि सरकारी सेवेची ठिकाणे अशी सार्वजनिक जागेची व्याख्या येते आणि आरोग्य, व्यवसाय, खेळ, सण व कलाविष्कार यांसाठी सवलती दिल्या जातात. मोडणाऱ्याला १५० युरोपर्यंत दंड किंवा नागरिकत्वाच्या वर्गाला बसण्याची सक्ती, आणि दुसऱ्याला चेहरा झाकायला भाग पाडणाऱ्याला एक वर्ष कैद व ३०,००० युरो दंड आहे. ज्या गोष्टीवर वर्षभर देश बोलत होता तिचे नाव कायद्यातून गाळावे लागले, यातच या वादाचा इतिहास दडलेला आहे.

आपल्याकडे ‘बुरखा’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून आधी भेद स्पष्ट केलेला बरा. हिजाब केस आणि मान झाकतो, चेहरा उघडा ठेवतो. नकाबातून फक्त डोळे दिसतात. डोळ्यांवरही जाळी असते ती अफगाणी धाटणीच्या बुरख्यात. चेंबूरमधील एका महाविद्यालयाच्या गणवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हिजाबावरील बंदीला स्थगिती दिली, पण वर्गात बुरखा चालणार नाही असे सांगितले. तेव्हा हाच भेद निर्णायक ठरला होता. फ्रान्समध्ये रस्त्यावर दिसत होता तो मुख्यतः नकाब. तरीही राजकारणी ‘बुर्का’च म्हणत राहिले, कारण त्या शब्दाबरोबर तालिबानचे काबूल डोळ्यांसमोर येत असे. २००९ मध्ये खुद्द फ्रेंच गृहखात्याचा अंदाज होता की साऱ्या देशात चेहरा झाकणाऱ्या स्त्रिया सुमारे १,९०० आहेत.

फ्रान्स धर्मनिरपेक्ष आहे म्हणून ही बंदी आली, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहे. चर्च आणि राज्य यांची फारकत करणारा १९०५ चा कायदा शासनाला धर्मापासून दूर ठेवतो. रस्त्याने जाणाऱ्या नागरिकाने काय घालावे हे तो सांगत नाही. शाळेची गोष्ट वेगळी, कारण शाळा शासनाची. १९८९ च्या शरदात पॅरिसच्या उत्तरेकडील क्रेय गावातल्या सरकारी शाळेने डोक्यावरचा रुमाल काढायला नकार देणाऱ्या तीन मुलींना वर्गाबाहेर ठेवले, तेव्हा शिक्षणमंत्री लिओनेल जोस्पँ यांनी ‘कौन्सेय देता’ या संस्थेचे मत मागवले. सरकारला कायदेशीर सल्ला देणारी आणि सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाचेही काम करणारी ही संस्था म्हणाली की धार्मिक चिन्ह घालणे हेच मुळात धर्मनिरपेक्षतेच्या विरुद्ध नाही. प्रचार, दडपण किंवा गोंधळ झाला तरच रोखावे. या उत्तराने कोणाचे समाधान झाले नाही. अखेर १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतून ठळक धार्मिक चिन्हे हद्दपार केली आणि ध्यानीमनी नसलेल्या शीख मुलांच्या पगड्याही त्यात सापडल्या.

पण पडद्याशी फ्रेंच शासनाचा संबंध क्रेयहून जुना आहे. मे १९५८ मध्ये, अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना, अल्जीयर्सच्या ‘फोरम’ चौकात लष्कराच्या पुढाकाराने सभा भरवल्या गेल्या आणि ‘हाईक’मध्ये, म्हणजे अंगभर गुंडाळलेल्या पांढऱ्या वस्त्रात, आलेल्या स्त्रियांनी जमावासमोर चेहरे उघडे केले. फ्रान्स स्त्रीला मुक्त करतो, हे जगाला दाखवायचे होते. याच्या आदल्याच वर्षापर्यंत त्याच शहरात तशाच हाईकच्या आडून स्वातंत्र्यसैनिकांची शस्त्रे इकडून तिकडे जात होती. पुढे फ्रान्समध्ये वाढलेल्या अल्जीरियन कुटुंबांना ‘मुक्ती’ची भाषा नवी नव्हती, एवढे ध्यानात ठेवले तर २००९ नंतरच्या वादातला कडवटपणा समजतो.

त्या वर्षी वेनिस्यू या ल्योंलगतच्या कामगार वस्तीतले कम्युनिस्ट खासदार आंद्रे जेरँ यांनी संसदीय चौकशीची मागणी केली. म्हणजे सुरुवात उजव्यांकडून झाली नाही. २२ जून २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी व्हर्सायमध्ये दोन्ही सभागृहांपुढे म्हणाले की बुरखा हा धर्माचा नव्हे, स्त्रीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे आणि फ्रान्समध्ये त्याचे स्वागत होणार नाही. धर्मनिरपेक्षतेचे कारण इथेच बाजूला पडले. मार्च २०१० मध्ये कौन्सेय देताने प्रतिष्ठेचेही कारण टिकणार नाही, सरसकट बंदीला भक्कम कायदेशीर आधार नाही, असा इशारा दिला. सरकारने तो ऐकला नाही. जुलैत कनिष्ठ सभागृहात विधेयक ३३५ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले, आणि हा आकडा दिसतो तितका एकमुखी नाही, कारण बहुतेक समाजवादी मतदानापासून दूर राहिले होते. कायदे संविधानाला धरून आहेत का हे तपासणाऱ्या संविधान परिषदेने हा कायदा उचलून धरला. लोकांना खुल्या असलेल्या प्रार्थनास्थळांत मात्र तो लागू करता येणार नाही, अशी अट घातली.

अंमलबजावणीआधी सरकारने भित्तिपत्रके लावली : ‘प्रजासत्ताक उघड्या चेहऱ्याने जगायचे असते.’ ११ एप्रिल २०११ रोजी, अंमलाच्या पहिल्याच दिवशी, नोत्र दामच्या चर्चसमोर नकाब घातलेल्या दोघींना पोलिसांनी ताब्यात घेतले, पण ते विनापरवाना निदर्शने केल्याबद्दल. रशीद नेक्काझ नावाचे उद्योजक स्त्रियांचे दंड आपल्या खिशातून भरू लागले, आणि दंडाचा धाक कोणाला, हा प्रश्न उघड्यावर आला.

कारणांची खरी झडती स्ट्रासबर्गमध्ये झाली. १ जुलै २०१४ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने बंदी वैध ठरवली, मात्र फ्रान्सच्या बाजूने मांडलेली बहुतेक कारणे नाकारून. स्त्रिया स्वतःच ज्या प्रथेचा बचाव करतात ती स्त्री-पुरुष समतेच्या नावाने बंद करता येत नाही. आणि सार्वत्रिक धोका दाखवल्याशिवाय सुरक्षेसाठी सरसकट बंदी अतिरेकी ठरते. उरले ते ‘एकत्र जगणे’ : समोरच्याचा चेहरा दिसणे ही सामाजिक व्यवहाराची किमान अट आहे, असे राज्य ठरवू शकते. हे कारण फार सैल आहे, असे दोन न्यायाधीशांनी विरोधी मतात लिहिले आणि मला त्यांचे म्हणणे पटते, कारण अनोळखी माणसाशी व्यवहार न करण्याचाही हक्क प्रत्येकाला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१८ मध्ये उलट निष्कर्ष काढून फ्रान्सने हक्कभंग केल्याचे म्हटले. तिचे मत बंधनकारक नसल्याने कायदा जागचा हलला नाही.

स्ट्रासबर्गच्या निकालाने इतरांची वाट मोकळी झाली. बेल्जियमची बंदी २०११ पासूनच होती. त्यानंतर ऑस्ट्रियात २०१७, डेन्मार्कमध्ये २०१८ आणि नेदरलँड्समध्ये मर्यादित स्वरूपात २०१९ साली ती लागू झाली, आणि स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०२१ च्या सार्वमतात ती ५१.२ टक्के मतांनी मंजूर झाली. शेवटचे मतदान झाले तेव्हा सारा युरोप मास्क लावून फिरत होता. पॅरिसच्या मेट्रोत मे २०२० पासून नाक-तोंड न झाकणाऱ्याला १३५ युरो दंड होत होता. त्याच डब्यात नकाब घालून बसणारीला १५० युरोपर्यंतचा दंडही कायम होता.