एक्सपोर्टचा ऑप्शन दिसत नाही? सॉफ्टवेअर काढून टाकण्याआधी हे वाचा

व्हिडिओचा एडिट लॉक झालेला असतो, म्हणजे आता त्यात बदल नाहीत, क्लायंट फाइलची वाट बघत असतो, आणि आमचा फोन वाजतो: "एक्सपोर्टच दिसत नाहीये." कधी मेनूतलं नाव ग्रे झालेलं, म्हणजे निवडता न येणारं असतं, कधी व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतींच्या यादीत एच.२६४ नसतं, कधी मागच्या कामात वापरलेला प्रोरेस आज सापडत नसतो. आमच्याकडे कलर, साउंड किंवा फायनल मास्टरसाठी काम पाठवणाऱ्या बहुतेकांनी हा फोन एकदा तरी केलेला आहे. उत्तरं ठरावीक आहेत, म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

आधी एक कळकळीची विनंती. ऑप्शन दिसला नाही की लगेच सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकू नका. तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच आहे.

एका ग्राहकाने मध्यरात्री प्रीमिअर प्रो हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. टाकताना नवीन आवृत्ती आली. प्रोजेक्ट उघडताना कन्व्हर्ट करायचं का असं विचारलं गेलं, त्यांनी हो म्हटलं आणि त्याच नव्या कॉपीत पहाटेपर्यंत टायटल्स दुरुस्त केली. सकाळी तो प्रोजेक्ट आमच्याकडच्या जुन्या आवृत्तीत उघडेना, त्यांचा एक प्लगइन नव्या आवृत्तीत चालेना, आणि एक्सपोर्ट मात्र अजूनही ग्रेच. त्यांनी पाठवलेल्या फोटोत नीट बघितलं तर निळी रेघ इफेक्ट्सच्या पॅनेलभोवती होती. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप्स ओळीने लावलेल्या पट्टीवर, एक क्लिक केली आणि ऑप्शन आला.

निळी रेघ

प्रीमिअरमध्ये ज्या पॅनेलवर तुम्ही शेवटची क्लिक केली, त्याच्याभोवती बारीक निळी चौकट येते. मेनू त्या पॅनेलपुरताच विचार करतो. इफेक्ट्सच्या यादीला किंवा प्रोजेक्ट पॅनेलमधल्या रिकाम्या जागेला एक्सपोर्ट करण्यासारखं काही नसतं, म्हणून ऑप्शन ग्रे होतो. टाइमलाइनच्या मोकळ्या भागात एकदा क्लिक करा, चौकट तिथे आली का बघा, आणि मग कंट्रोल-एम दाबा. मॅकवर कमांड-एम.

याच गोष्टीची दुसरी बाजू जास्त घातक आहे. प्रोजेक्ट पॅनेलमध्ये एखादी क्लिप सिलेक्ट राहिली असेल तर ऑप्शन ग्रे होत नाही, एक्सपोर्ट सुरळीत सुरू होतो, पण बाहेर पडते ती नुसती ती क्लिप. एडिट नाही, म्युझिक नाही. म्हणून एक्सपोर्टच्या विंडोत वर कशाचं नाव आहे आणि खाली लांबी किती दाखवतेय, हे दोन्ही बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. टाइमलाइनवर विसरलेले इन आणि आउट पॉइंट, म्हणजे कुठून कुठपर्यंत एक्सपोर्ट करायचं त्या खुणा, असतील तर तेही लांबी बघूनच पकडता येतात.

रिझॉल्व्ह आणि फायनल कट या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. रिझॉल्व्हमध्ये एखादी टाइमलाइन उघडी असल्याशिवाय डिलिव्हर या एक्सपोर्टच्या पेजवर करण्यासारखं काही नसतं. फायनल कटमध्ये ब्राउझर किंवा टाइमलाइन यांतलं नक्की काय निवडलंय त्यावर शेअरचा, म्हणजे एक्सपोर्टचा, मेनू ठरतो. तिथे हवं ते डेस्टिनेशन यादीतच नसेल तर सेटिंग्जमधल्या डेस्टिनेशन्समधून ते ओढून आणता येतं. एवढं केलं की या दोन्हींचा प्रश्न बहुधा सुटतो.

ऑप्शन आहे, पण हवा तो कोडेक नाही

इथे गोंधळ होतो तो दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे. एमपीफोर, एमओव्ही (म्हणजे क्विकटाइम), एमएक्सएफ हे फॉरमॅट म्हणजे नुसती पाकिटं. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय तो कोडेक: एच.२६४, एच.२६५, प्रोरेस, डीएनएक्सएचआर. आधी पाकीट निवडावं लागतं, आणि त्या पाकिटात जे कोडेक चालतात तेवढेच पुढच्या यादीत दिसतात. रिझॉल्व्हमध्ये फॉरमॅटला एमपीफोर ठेवून प्रोरेस शोधत बसलात तर तो मिळणार नाही. फॉरमॅट क्विकटाइम करा. प्रीमिअरमध्येही तेच, प्रोरेस क्विकटाइमखाली असतो. फार जुन्या विंडोजवरच्या प्रीमिअरमध्ये मात्र तो नाहीच, कारण विंडोजवर प्रोरेस एक्सपोर्टची सोय अ‍ॅडोबीने २०१८च्या अखेरीस दिली.

पारदर्शक बॅकग्राउंडचा लोगो किंवा लोअर थर्ड (स्क्रीनच्या खाली येणारी नावाची पट्टी) हवा असेल आणि अल्फाचा, म्हणजे पारदर्शकता साठवायचा, ऑप्शन सापडत नसेल, तर कोडेक बघा. आपण रोज वापरतो त्या एच.२६४मध्ये अल्फाला जागाच नाही. प्रोरेस ४४४४ निवडला की ऑप्शन येतो. साध्या प्रोरेस ४२२मध्ये येत नाही, नाव सारखं वाटलं तरी.

प्रीमिअरच्या एक्सपोर्ट विंडोत ‘मॅच सिक्वेन्स’ने सुरू होणारा एक चौकोन असतो. क्वालिटी जशीच्या तशी राहील या समजुतीने लोक तो टिक करतात, आणि फॉरमॅटपासून सगळं ग्रे होतं. ती सेटिंग प्रिव्ह्यू फाइल्सचा, म्हणजे एडिट करताना बघण्यापुरत्या बनलेल्या फाइल्सचा, कोडेक वापरते. तिचा तुमच्या फायनल क्वालिटीशी तसा संबंध नाही. टिक काढा.

आफ्टर इफेक्ट्स हे ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: त्यातल्या रेंडर क्यूमधून, म्हणजे एक्सपोर्टच्या यादीतून, एच.२६४ काही वर्षं काढून टाकलेलं होतं, ते २०२२च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत परत आलं. तुमच्याकडे मधली आवृत्ती असेल तर कॉम्पोझिशन मीडिया एन्कोडर या अ‍ॅडोबीच्या वेगळ्या एक्सपोर्ट सॉफ्टवेअरला पाठवा.

मापाची अडचण

एलईडी वॉलसाठी काम करणाऱ्यांना ही हमखास येते. एच.२६४ प्रत्येक ‘लेव्हल’ला किती मोठी फ्रेम घ्यायची हे ठरवून ठेवतं. ५.१ लेव्हलला एका फ्रेमची मर्यादा सुमारे ९४ लाख पिक्सेल, म्हणजे ४०९६ बाय २३०४. त्याहून मोठं माप टाकलं की सॉफ्टवेअर लेव्हल वाढवायला सांगतं, नाहीतर आकडाच घेत नाही. शिवाय रुंदी आणि उंची सम आकड्यांत लागते, कारण नेहमीच्या ४:२:० पद्धतीत दोन बाय दोन पिक्सेलच्या चौकटीत मिळून रंगाची माहिती एकदाच साठवली जाते. वॉल बसवणाऱ्याने १०८१ उंची सांगितली असेल तर टाइमलाइन बनवण्याआधी त्याला पुन्हा विचारा.

रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत एक्सपोर्ट अल्ट्रा एचडीपर्यंतच होतो, म्हणजे ३८४० बाय २१६०, आणि फ्रेम रेट सेकंदाला ६०पर्यंत. लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीत एच.२६४ नाहीच. या दोन्हींना पुन्हा इन्स्टॉल करणं हा उपाय नाही. रिझॉल्व्हची विकतची स्टुडिओ आवृत्ती घ्यायची, किंवा ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याकडून शेवटची फाइल काढून घ्यायची. आमच्याकडे ती आहे.

आम्ही फोटो का मागतो

ऑप्शन दिसत नाही असं सांगितल्यावर आम्ही रिमोटवर येण्याआधी स्क्रीनशॉट मागतो, तोही पूर्ण विंडोचा. काही ग्राहकांना हे टाळाटाळीसारखं वाटतं. तसं नाही. नुसता मेनू कापून पाठवला तर त्यात फक्त ग्रे झालेलं नाव दिसतं, आणि ते तुम्ही फोनवर सांगितलेलंच असतं. पूर्ण विंडोत निळी रेघ कुठे आहे, टाइमलाइन उघडी आहे का, माप काय आहे, मीडिया ऑफलाइन आहे का (म्हणजे मूळ फुटेज सॉफ्टवेअरला सापडत नाहीये का), हे सगळं एका नजरेत कळतं. तुम्ही पुन्हा इन्स्टॉल केलंत की हा पुरावा पुसला जातो आणि आम्हाला शून्यापासून विचारत बसावं लागतं.

चालू कामात आम्ही आवृत्ती बदलत नाही, यावरूनही कुरकुर ऐकू येते. नवीन आवृत्तीत सेव्ह झालेला प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही. रिझॉल्व्ह तर अपग्रेड करताना पूर्ण डेटाबेस बदलायची परवानगी मागतं. अर्ध्या कामात ही जोखीम तुमच्या फुटेजवर घ्यायची आमची तयारी नाही. त्यामुळे काम सुरू करतानाच तुमच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आम्हाला कळवा, आम्ही तीच ठेवतो.

स्क्रीनशॉट बघून दोन ओळींत उत्तर देता आलं तर त्याचे पैसे आम्ही लावत नाही. आमच्याकडे मास्टर बनवून घेणाऱ्यांना त्या कामाच्या मापाचा एक्सपोर्ट प्रीसेटही, म्हणजे तयार सेटिंग्जचा संच, सोबत देतो. पुढच्या वेळी तो यादीतून निवडला की फॉरमॅट, कोडेक आणि लेव्हल आपोआप बसतात.

आम्हाला लिहिताना चार गोष्टी पाठवा: पूर्ण विंडोचा स्क्रीनशॉट, सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोज, मॅक की लिनक्स ते, आणि फाइल शेवटी कुठे चालवायची आहे ते. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. जो ऑप्शन तुम्ही शोधताय त्याची त्या कामाला गरजच नाही, हे आम्हाला अनेकदा तिच्यावरून कळतं.