ट्रान्सफेक्शन की ट्रान्सडक्शन? मायक्रोग्रॅम मोजायचे की विषाणू?

लेंटिव्हायरस (पेशीत जनुक पोचवण्यासाठी वापरला जाणारा विषाणू) वापरणाऱ्या प्रयोगशाळेत एकाच आठवड्यात दोन्ही गोष्टी घडतात. सोमवारी एचईके २९३टी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये तीन-चार प्लाझ्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) घातले जातात. बुधवार-गुरुवारपर्यंत त्या पेशी विषाणू बनवून बाहेरच्या माध्यमात (पोषक द्रवात) सोडतात. ते माध्यम गोळा करून, ज्या पेशींवर खरा प्रयोग करायचा आहे त्यांच्यावर घालतात. सोमवारचं काम ट्रान्सफेक्शन, गुरुवारचं ट्रान्सडक्शन. दोन्हींत बाहेरचं जनुक आत जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडे जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाचा हिरवा रंगच दिसतो, त्यामुळे नोंदवहीत एकाच्या जागी दुसरा शब्द सर्रास पडतो. नुसता शब्द चुकला तर चाललं असतं, पण त्याच्याबरोबर मोजमापही चुकतं.

ट्रान्सफेक्शनमध्ये डीएनए किंवा आरएनए उघडा असतो, नाहीतर एखाद्या रसायनात गुंडाळलेला असतो. त्याला आत ढकलण्याचं काम रसायन किंवा वीज करते. ट्रान्सडक्शनमध्ये ते काम विषाणू करतो: पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर पकडतो, आवरण असेल तर ते पेशीत मिसळतो आणि लेंटिव्हायरस असेल तर आतला मजकूर गुणसूत्रात शिवूनही टाकतो. जिवाणूंमध्ये ही दुसरी वाट झिंडर आणि लेडरबर्ग यांनी १९५२ साली साल्मोनेलावर दाखवली, तिथे वाहक होता फाज, म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू. एक सापळा इथेच सांगायला हवा. लेंटिव्हायरससाठी बनवलेला प्लाझ्मिड लिपोफेक्टामाइन या रसायनाने थेट पेशीत घातला, तर ते ट्रान्सफेक्शनच. प्लाझ्मिडच्या नावात ‘लेंटि’ असल्यानं काही बदलत नाही, कारण विषाणूचा कण तिथे तयारच झालेला नसतो.

आता आकडे. सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एका वेलला साधारण २.५ मायक्रोग्रॅम डीएनए देतात. प्लाझ्मिड ६,००० बेसजोड्यांचा धरला, तर त्यात सुमारे ३९,००० कोटी प्रती येतात. वेलमध्ये १० लाख पेशी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला जवळजवळ ३.९ लाख प्रती. बहुतेक प्रती एंडोसोममध्येच (पेशीच्या आतल्या पिशव्यांत) नष्ट होतात आणि केंद्रकापर्यंत फार थोड्या पोचतात. इतकी गळती गृहीत धरूनच हे माप ठरलेलं आहे, म्हणून २.५ चे २.८ मायक्रोग्रॅम झाले तरी कुणाला कळत नाही. ट्रान्सडक्शनमध्ये मात्र एका पेशीला एक, दोन, फार तर पाच-दहा कार्यक्षम विषाणू द्यायचे असतात. तिथे मोजणी सुट्या कणांची असते, आणि सुटे कण मोजायचे म्हटले की संख्याशास्त्र आलंच.

आधी ट्रान्सफेक्शन पाहू. स्वस्त आणि एचईकेवर भरवशाचं रसायन म्हणजे २५ किलोडाल्टनचं सरळ साखळीचं पीईआय (पॉलिइथिलिनइमाइन, एक धनभारित पॉलिमर). १ मिलिग्रॅम प्रति मिली द्रावण करून त्याचा पीएच ७ वर आणायचा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि छोट्या नळ्यांत गोठवायचं. पेशी ७० ते ८० टक्के दाट असताना १०० मायक्रोलिटर १५० मिलिमोलर मिठाच्या द्रावणात २.५ मायक्रोग्रॅम डीएनए आणि वेगळ्या १०० मायक्रोलिटरमध्ये ७.५ मायक्रोलिटर पीईआय घ्यायचं. म्हणजे वजनानं एकास तीन. दोन्ही एकत्र करून १५ ते २० मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवायचं आणि थेंबथेंब वेलमध्ये सोडायचं. ‘जास्त वेळ ठेवलं तर जास्त चांगलं’ हे इथे लागू नाही. कण मोठे होत जातात, पेशींवर गाळासारखे बसतात आणि त्यांना मारतात. मिश्रण बनत असताना सीरमही (माध्यमात घालतात तो रक्तद्रव) नको, कारण त्यातली ऋणभारित प्रथिनं डीएनएच्या आधी पीईआयला चिकटतात. अँटिबायोटिक त्या दिवसापुरतं वगळलेलं बरं. एरवी आत न शिरणारं औषध अशा वेळी पेशीत शिरतं आणि दोष रसायनाला लागतो.

डीएनएची शुद्धता सांगणारं २६०/२८० गुणोत्तर १.८ आलं की निर्धास्त होणारे बरेच. पण त्या आकड्यात एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) दिसत नाही. एचईके ते निमूट सहन करतात. मॅक्रोफेज किंवा प्राथमिक (थेट शरीरातून घेतलेल्या) पेशींवर मात्र तोच डीएनए घातला की त्या मरतात.

पुढची अडचण केंद्रकाची. प्लाझ्मिड केंद्रकात शिरतो तो मुख्यतः पेशी विभागताना, केंद्रकाचं आवरण विरघळलेलं असताना. त्यामुळे न्यूरॉन किंवा विश्रांतीतल्या टी-पेशींवर प्लाझ्मिडचं ट्रान्सफेक्शन हटकून निराश करतं. एमआरएनएला केंद्रकात जायचंच नसतं, सायटोप्लाझ्ममध्ये पोचला की काम सुरू. अशा पेशींसाठी तो म्हणूनच बरा.

विजेचा मार्ग, म्हणजे इलेक्ट्रोपोरेशन, हाही ट्रान्सफेक्शनचाच प्रकार, आणि त्याचं भौतिकशास्त्र सरळ आहे. गोल पेशीच्या पटलावर क्षेत्राच्या दिशेला असलेल्या टोकाशी येणारं विभवांतर म्हणजे १.५ गुणिले विद्युतक्षेत्र गुणिले पेशीची त्रिज्या. त्रिज्या ५ मायक्रॉन आणि क्षेत्र सेंटिमीटरला १,००० व्होल्ट घेतलं तर उत्तर येतं ०.७५ व्होल्ट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड. म्हणजे त्याच्या आतलं क्षेत्र सेंटिमीटरला १५ लाख व्होल्ट! तिथे छिद्रं पडतात. छिद्राच्या कडेची ऊर्जा त्रिज्येच्या प्रमाणात वाढते, तर पटलावरचा ताण सुटल्यानं मिळणारी ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून लहान छिद्र आपसूक मिटतं आणि एका मर्यादेपलीकडचं छिद्र पसरतच जाऊन पेशी फुटते. सगळी कसरत या दोन्हींच्या मधल्या पट्टीत राहण्याची आहे. ई. कोलाय या जिवाणूची त्रिज्या दहापट लहान, म्हणून तिथे क्षेत्र दहा ते वीसपट लागतं: १ मिलिमीटर रुंदीच्या क्युव्हेटला (झटका देण्याच्या छोट्या डबीला) १.८ किलोव्होल्ट. क्युव्हेटमध्ये ‘फट्’ असा आवाज येऊन ठिणगी पडली, तर बहुधा डीएनएच्या नमुन्यात मीठ राहिलेलं असतं. लायगेशनचं (डीएनएचे तुकडे जोडण्याचं) मिश्रण मीठ न काढता तसंच ओतलं की हेच होतं.

ट्रान्सडक्शनचं मुख्य माप म्हणजे एमओआय: पेशीमागे सरासरी किती कार्यक्षम विषाणू दिले. ‘सरासरी’ हा शब्द विसरला की गणित फसतं. एमओआय १ म्हणजे प्रत्येक पेशीला एकेक विषाणू नव्हे. प्वासाँच्या वितरणानुसार तेव्हा ३७ टक्के पेशींना एकही विषाणू लागत नाही, ३७ टक्क्यांना एक लागतो आणि २६ टक्क्यांना दोन किंवा जास्त. क्रिस्परच्या (जनुक कापण्याच्या तंत्राच्या) लायब्ररीत एका पेशीत एकच गाइड (कुठे कापायचं ते सांगणारा आरएनए) हवा असतो, म्हणून एमओआय ०.३ ठेवतात. मग ७४ टक्के पेशी कोऱ्या राहतात आणि प्रतिकाराचं जनुक न मिळाल्यानं प्युरोमायसिन या औषधाने मारल्या जातात. उरलेल्या २६ टक्क्यांपैकी २२ टक्के एका प्रतीच्या, सुमारे ४ टक्के अनेक प्रतींच्या. हिशेब असा: पेशी १ लाख, टायटर (कार्यक्षम विषाणूंची संख्या) मिलीला १ कोटी, एमओआय ०.३, तर लागतात ३०,००० विषाणू, म्हणजे ३ मायक्रोलिटर. पेशी मोजायच्या त्या विषाणू घालतानाच्या. आदल्या संध्याकाळी लावलेल्या पेशी रात्रीतून दुप्पट झाल्या की एमओआय निम्मा होतो.

टायटरचा आकडा कुठल्या पद्धतीनं आला हे विचारल्याशिवाय वापरू नये. पी२४ या विषाणूच्या प्रथिनाची एलायझा चाचणी सगळेच कण मोजते, निकामी धरून. कार्यक्षम कण त्यात शंभरात एखादा किंवा त्याहून कमी असतो. म्हणून टायटर पेशींवरच काढावं आणि २० टक्क्यांच्या आसपास हिरव्या झालेल्या वेलवरूनच. २० टक्के हिरव्या पेशींवरून एमओआय ०.२२ येतो, म्हणजे साध्या प्रमाणाजवळच. ९० टक्के हिरव्या असतील तर खरा एमओआय २.३ असतो. तिथे ०.९ धरला की टायटर अडीचपट कमी दिसतं.

विषाणू पेशीपर्यंत पोचतो कसा, याकडे फारसं लक्ष जात नाही. लेंटिव्हायरस साधारण १२० नॅनोमीटरचा. ३७ अंशांना तो ब्राउनी गतीनं २ मिलिमीटर सरकायचा तर आइन्स्टाइनच्या सूत्रानं चार दिवसांहून जास्त लागतात, आणि त्या तापमानाला त्याची निम्मी ताकद अर्ध्या दिवसातच संपते. माध्यमाची खोली ०.५ मिलिमीटरवर आणली तर तेच काम सहा-सात तासांचं होतं, कारण वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून पहिले काही तास पेशी सुकणार नाहीत इतक्याच माध्यमात ट्रान्सडक्शन करावं, नाहीतर प्लेट ३२ अंशांना ८०० ते १,००० जी (गुरुत्वाच्या इतक्या पट) बळानं तासभर फिरवावी. विषाणू आणि पेशी दोघंही ऋणभारित. त्यांचं एकमेकांना ढकलणं कमी करायला मिलीला ८ मायक्रोग्रॅम पॉलिब्रीन घालतात. प्राथमिक पेशींना ते सोसत नसेल तर प्रोटामाइन सल्फेट. विषाणूचं माध्यम ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावं; ०.२२ मधून बरेच कण वाया जातात. वारंवार गोठवून वितळवलं तरी टायटर घसरतं.

दोन्ही प्रक्रिया एकमेकींत मिसळतात ती जागा म्हणजे उरलेला प्लाझ्मिड. सोमवारच्या ट्रान्सफेक्शनचा डीएनए गुरुवारच्या माध्यमात तरंगत राहतो आणि विषाणूबरोबर नव्या पेशींवर जातो. लगेच क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी चाचणी) केलं तर तो ‘गुणसूत्रात शिरलेली प्रत’ म्हणून मोजला जातो आणि टायटर फुगतं. ट्रान्सफेक्शननंतर सहा ते सोळा तासांत माध्यम बदलावं, गोळा केलेल्या विषाणूला मॅग्नेशियमसह डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) द्यावं आणि प्रतींची मोजणी आठवडाभर पेशी वाढवल्यानंतर करावी.

‘ट्रान्सफेक्शन तात्पुरतं, ट्रान्सडक्शन कायमचं’ हा शिकवणीतला नियम अर्धाच खरा आहे. एएव्ही विषाणूचा डीएनए बहुतांशी गुणसूत्राबाहेरच राहतो. लक्स्टर्ना हे २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं औषध त्यावरच आहे. रेटिनातल्या पेशी विभागत नाहीत म्हणून ते तिथे टिकतं; वेगानं वाढणाऱ्या पेशींत सात विभाजनांत तोच डीएनए १२८ पट विरळ होतो. उलट, २०२३ अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या जनुकोपचारात विषाणू नाहीच. कॅस९ आणि गाइड आरएनए विजेच्या झटक्यानं रक्ताच्या मूलपेशींत घालतात, ते दोन-चार दिवसांत नाहीसे होतात, पण जनुकातला बदल कायम राहतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या उपचारामध्ये, ज्याला २०२३ साली भारतात मंजुरी मिळाली, टी-पेशींना लेंटिव्हायरस लागतो, कारण त्या पेशी शरीरात असंख्य वेळा विभागायच्या असतात आणि प्रत्येक पिढीत जनुक हवं असतं.

दोन्हींतला फरक कोविडच्या लशींच्या मात्रेतही दिसत होता. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या कोव्हिशील्डच्या अर्ध्या मिलीत ५,००० कोटी विषाणूकण असं लिहिलेलं असायचं, कारण ते ॲडेनोव्हायरसचं ट्रान्सडक्शन. फायझरच्या प्रौढांच्या मात्रेवर ३० मायक्रोग्रॅम, कारण तिथे लिपिडमध्ये गुंडाळलेला एमआरएनए, म्हणजे ट्रान्सफेक्शन. पुण्याच्याच जेनोव्हानं २०२२ साली मंजुरी मिळवलेली जेमकोव्हॅक या दुसऱ्या गटातली.

निवड करताना जनुकाची लांबीही पाहावी: एएव्हीत ४.७ किलोबेसच्या आसपास मावतं, लेंटिव्हायरसमध्ये आठ-नऊपर्यंत, प्लाझ्मिडला तशी हद्द नाही, फक्त लांबी वाढली की कार्यक्षमता घसरते. दोन-तीन दिवस एचईकेमधून प्रथिन काढायचं असेल तर विषाणूच्या भानगडीत पडण्याचं कारण नाही. पेशीला ट्रान्सफेक्शन सोसत नसेल किंवा महिनाभर पाठपुरावा करायचा असेल तर लेंटिव्हायरस. मात्र व्हीएसव्ही-जी या दुसऱ्या विषाणूच्या प्रथिनाचं आवरण घातलेला विषाणू माणसाच्या पेशींनाही लागतो, म्हणून जैवसुरक्षा पातळी २, दुहेरी हातमोजे आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची आधी घेतलेली परवानगी. सोमवारची प्लेट साध्या ट्रान्सफेक्शनची दिसते म्हणून तिला यातून सूट नाही. पॅकेजिंग प्लाझ्मिड (विषाणूचे भाग बनवणारे) घातल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून तिच्या माध्यमात जिवंत विषाणू असतो, आणि बदललेलं ते माध्यम बेसिनमध्ये न ओतता ताज्या दहा टक्के ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवूनच टाकायचं.