पोटखराबा नावाची परिसंस्था

शाखा कुठलीही घ्या, पदवीला पर्यावरणशास्त्राचा पेपर असतोच. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला, तिथपासून हा विषय सक्तीचा होण्याची सुरुवात झाली. त्यात परिसंस्थांचा धडा येतो: जंगल, गवताळ प्रदेश, वाळवंट आणि पाण्यातली परिसंस्था. मुलं हे चार प्रकार घोकून येतात. कोकणातल्या मुलांना मी दरवर्षी विचारतो, तुमच्या वाडीच्या वरचा सडा, ते कातळाचं उघडं पठार, यातल्या कुठल्या प्रकारात बसतो? वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, "सर, तो पडीकच आहे."

त्या मुलाचा यात काही दोष नाही. घरच्या सातबाऱ्यावर त्याने तेच वाचलेलं असतं. ज्या जमिनीत पीक येत नाही, ती तिथे 'पोटखराबा' म्हणून दाखवतात. हा महसुलाचा शब्द आहे. शेतसारा कशावर लावायचा आणि कशावर नाही, एवढंच ठरवण्यासाठी तो आला. जमिनीवर काय जगतं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण कागदावरचा शब्द हळूहळू डोक्यात जाऊन बसतो, आणि मग सडा खरोखरच खराब दिसायला लागतो.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. मूळचा बेसाल्ट लाखो वर्षं उष्ण, दमट हवेत आणि धो धो पावसात झिजत राहिला. त्यातली सिलिका, चुना, पोटॅश पाण्याबरोबर निघून गेलं. मागे राहिली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लाल रंग त्या लोखंडाचा. जमिनीतून काढताना जांभा मऊ असतो, हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. कोकणातली घरं याच चिऱ्यांची. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या अशाच दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिलं, तेही लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून.

या दगडावर माती असते जेमतेम बोटभर, कुठे तीही नाही. मे महिन्यात अनवाणी पाय ठेववत नाही आणि जुलैत त्याच जागी घोटाभर पाणी असतं. एकाच वर्षात वाळवंट आणि दलदल दोन्ही सोसायचं, आणि तेही पोषण जवळजवळ नसलेल्या मातीत. इथे जगणं सोपं नाही, म्हणून इथे जे जगतं ते दुसरीकडे सहसा भेटत नाही.

सप्टेंबरमध्ये मुलांना घेऊन सड्यावर गेलो की मी त्यांना सरळ गुडघ्यांवर बसवतो. उभ्याने दिसतो तो नुसता निळा-जांभळा पट्टा. खाली वाकलं की नखाएवढी फुलं दिसतात, एकेका काडीवर दोन-चार. ही सीतेची आसवं. मग एक रोप मातीसकट अलगद उचलून पाण्यात धुवायचं. केसासारख्या धाग्यांना बारीक, पारदर्शक फुगे लागलेले दिसतात. प्रत्येक फुग्याला झडप असते. पाण्यातला सूक्ष्म जीव झडपेशी आला की ती उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि झडप पुन्हा मिटते. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. मातीत नायट्रोजन जेमतेम, फॉस्फरसही जेमतेम, म्हणून हे रोप ते असं मिळवतं. बाजूलाच दवबिंदूची लालसर रोपं पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरत असतात. आसवांच्या नाजूक फुलांखाली शिकारीचे सापळे असतात हे कळल्यावर मुलं जी गप्प होतात, तो क्षण मला दरवर्षी हवा असतो.

गवतांची तऱ्हा निराळी. काही जाती पूर्ण वाळतात, हातात घेतल्या तर चुरा होईल इतक्या, आणि पहिल्या सरींनी पुन्हा हिरव्या होतात. त्यांच्या पेशी जवळजवळ सगळं पाणी गमावूनही मरत नाहीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पतींची नोंद प्रसिद्ध केली. दुष्काळात तगणारी पिकं शोधायची, तर त्यांच्या पेशींचं गुपित या 'पोटखराब्यात' सापडू शकतं.

आणि पाणी. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेल्या पावसातलं बरंच पाणी त्याच्या भेगांतून खाली मुरतं आणि उतारावरच्या झऱ्यांतून, पऱ्ह्यांतून बाहेर येतं. वाडीची विहीर फेब्रुवारीत भरलेली असेल तर त्यात वरच्या सड्याचा वाटा असतो. जुन्या माणसांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. गुरं तिथे चरली, दसऱ्यानंतर गवत कापून आणलं, घरं शाकारली. त्याही आधीच्या कुणी त्याच कातळावर हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली. कोकणची ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. साताऱ्याजवळचं कास पठारही याच जांभ्याचं. ते २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं आणि तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. तसल्याच दगडावरच्या रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर मात्र चिरेखाणी चालतात, सुरुंग लावून खड्डे होतात, बाहेरची माती टाकून कलमं लागतात. हापूसवर घर चालतं, बागायतदाराला मी दोष देणार नाही. मला जास्त सलतं ते सदिच्छेने केलेलं वृक्षारोपण. उघडा सडा पाहवत नाही म्हणून तिथे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली जाते. ती सावली धरते, पानांचा थर साचतो, आणि उघड्या उन्हावर जगणारी आसवं तिथून नाहीशी होतात. झाड लावणं म्हणजे पर्यावरण, ही समजूत आम्ही शिक्षकांनीच मुलांच्या डोक्यात घातली आहे.

मेमध्ये सड्यावरच्या एखाद्या आटलेल्या डबक्यातून मूठभर कोरडा गाळ मी घरी आणतो. काचेच्या बरणीत टाकतो आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यावर ओततो. दोन दिवस नुसतं गढूळ पाणी दिसतं. कधी कधी काहीच होत नाही. पण जमलं तर तिसऱ्या दिवशी उजेडाकडे बरणी धरली की ठिपके हलताना दिसतात, आणि आठ-दहा दिवसांत ते पोटाची बाजू वर करून, पायांच्या झालरी हलवत पोहू लागतात. हे फेअरी श्रिंप, कोळंबीचे दूरचे नातेवाईक. त्यांची अंडी त्या तापलेल्या धुळीत पावसाची वाट बघत पडून होती. गेल्या वर्षी 'पडीक' म्हणालेल्या मुलाच्या हातात मी ती बरणी दिली, तर त्याने ती तासभर खाली ठेवली नाही.