पांढरा की पिवळा: मरीन ड्राइव्हच्या दिव्यांच्या भांडणामागचं

मरीन ड्राइव्हचे दिवे पांढरे झाले आणि मग परत पिवळे झाले, एवढं सगळ्यांना आठवतं. २०१५ ची गोष्ट. जुने सोडियमचे पिवळे दिवे काढून वीज वाचवायला पांढरे एलईडी लावले, मरीन ड्राइव्हची शोभा गेली म्हणून बोंब झाली, आणि शेवटी पिवळसर एलईडी लागले. कोण कोणाला काय बोललं, कोणी काय ट्वीट केलं तेही बऱ्याच जणांच्या लक्षात असेल, ते परत उगाळत नाही. पण हल्ली कुठल्या तरी पुलावर, खांबावर, झाडावर नवी रोषणाई लागली की लगेच कोणीतरी "मरीन ड्राइव्हच्या वेळी कसं लोकांनी वळण लावलं होतं बघा" असा दाखला देतं, म्हणून त्या प्रकरणामागे काय काय होतं ते एकदा नीट मांडावं म्हटलं. माझ्या मते तेव्हा निकाल लागला तो रंगाचा. उजेड किती हवा, कुठे पडायला हवा, कोणासाठी हवा, हा जो खरा डिझाइनचा प्रश्न होता त्याला कोणी हातच लावला नाही आणि त्याचे परिणाम आता शहरभर लखलखतायत.

जुना इतिहास पटकन उरकतो. मुंबईत गॅसचे दिवे आले ऑक्टोबर १८६५ मधे, एस्प्लनेड रोड, चर्चगेट स्ट्रीट, भेंडी बाजार अशा मोजक्या ठिकाणी, आणि दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे निघाला की त्याच्या मागोमाग बघ्यांची गर्दी चालायची असं वर्णन सापडतं. त्याआधी तेलाचे दिवे. क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले १८८२ मधे. वीज आणि ट्रॅमची कंपनी १९०५ ची, विजेवरची ट्रॅम १९०७ ची, आणि ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, तो सगळा कारभार पालिकेच्या ताब्यात आला. त्यामुळे जुन्या शहरात बस आणि बत्ती एकाच घरची, म्हणजे बेस्टची, उपनगरात मात्र वीज वेगळ्या कंपन्यांकडे, हे लक्षात असू द्या. १९६५ आणि ७१ च्या युद्धातले ब्लॅकआउट, काचांना लावलेले काळे कागद, हे घरातल्या मोठ्यांना विचारा, ते जास्त चांगलं सांगतील.

आता पिवळ्या रंगाचं. २०१५ मधे सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य म्हणजे पिवळा हा मरीन ड्राइव्हचा मूळ रंग, तो वारसा आहे वगैरे. तिथल्या आर्ट डेको इमारती बहुतेक १९३० आणि ४० च्या दशकातल्या. आणि ज्या सोडियम व्हेपरच्या नारिंगी-पिवळ्या उजेडाला आपण वारसा म्हणतो, तो हाय प्रेशर सोडियमचा दिवा जगाच्या बाजारातच आला १९६० च्या दशकात. म्हणजे आपल्याला जी आठवण अगदी अनादि काळापासूनची वाटते ती फार तर एक-दोन पिढ्यांची. तो दिवा रस्त्यावर आला तोसुद्धा कोणाला सुंदर वाटला म्हणून नाही, पाऱ्याच्या निळसर-पांढऱ्या दिव्यापेक्षा तो एका वॉटमधे बराच जास्त उजेड द्यायचा म्हणून. थोडक्यात तोही त्या काळचा वीजबचतीचाच निर्णय होता! तेव्हा पांढरा गेला म्हणून कोणी हळहळलं असेल तर त्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

तरीपण सवय ही छोटी गोष्ट नाही हेही मान्य करायला पाहिजे. मलबार हिलवरून, कमला नेहरू पार्काच्या बाजूने खाली बघितलं की तो वळसा दिसतो, साडेतीनेक किलोमीटरचा, आणि तो सोनेरी दिसतो म्हणून त्याला हार म्हणायचं, राणीचा हार, क्वीन्स नेकलेस. पांढऱ्या ठिपक्यांनाही हार म्हणता आलंच असतं, मोत्यांचा हार असतो की, पण लोकांच्या डोळ्यात सोनं बसलं होतं.

आता एवढी घाई का झाली? तर २०१४-१५ हा काळ एलईडीच्या लाटेचा होता. निळ्या एलईडीला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि हे फक्त कौतुकापुरतं सांगत नाहीये, कारण निळ्याशिवाय पांढरा एलईडी होतच नाही, ते खाली येईल. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राने घरगुती एलईडी बल्ब आणि रस्त्यावरचे एलईडी अशा दोन योजना एकदम जाहीर केल्या. एकगठ्ठा खरेदीमुळे सरकारी खरेदीतला बल्ब ३१० रुपयांवरून दोन-तीन वर्षांत ४० च्या खाली आला, आणि हे यश खरंच मोठं आहे, त्याबद्दल कोणी वाद घालू नये. रस्त्यांसाठी देशभरात १.३४ कोटी दिवे बदलायचं लक्ष्य होतं. अशा वेळी दाखवायला एक ठळक रस्ता लागतो आणि मुंबईत मरीन ड्राइव्हपेक्षा ठळक काय असणार. म्हणजे जागा निवडली गेली ती फोटोसाठी, आणि मग फोटोवरूनच बोंब झाली. केंद्रात आणि राज्यात एकत्र सत्तेत बसलेले दोन पक्ष, भाजप आणि शिवसेना, या दिव्यांवरून समोरासमोर आले, त्यातला पहिला बचतीचे आकडे सांगत होता आणि दुसरा सौंदर्याचं बोलत होता, आणि पालिकेची निवडणूक दोन वर्षांवर होती हे दोघांनाही माहीत होतं.

बचतीच्या आकड्यांवर जरा थांबू, कारण सगळा घोळ इथे आहे. प्रचार असा होता की एलईडी म्हणजे निम्मी वीज. त्या काळातला चांगला सोडियम दिवा एका वॉटमागे शंभरेक ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) द्यायचा आणि तेव्हाचा रस्त्यावरचा एलईडीही साधारण तेवढाच. मग बचत कुठून? बचत येते दिशेतून. सोडियमचा दिवा चहूकडे उजेड फेकतो, वर, मागे, शेजारच्या इमारतीच्या बेडरूममधे, रिफ्लेक्टर लावून त्यातला काही खाली वळवायचा आणि बराचसा वाया घालवायचा. एलईडीची चिप एका बाजूलाच उजेड देते, भिंगाने तो नेमका डांबरावर आणि फुटपाथवर पाडता येतो, म्हणून कमी वॉटमधे काम भागतं.

आणि इथे मला जे कायम गंमतशीर वाटत आलंय ते येतं. दुरून जो हार दिसतो तो मुळात कशाचा आहे? खांबावरून आडवा निसटून समुद्रावर आणि टेकडीकडे आलेल्या उजेडाचा. रस्त्याच्या दृष्टीने तो वाया गेलेला उजेड. दिवा जितका चांगला डिझाइन केलेला, उजेड जितका खाली रस्त्यावर, तितका तो लांबून मिणमिणता दिसणार. म्हणजे रंग अगदी तोच ठेवला असता तरी हार फिका झालाच असता! हे तेव्हा कोणी स्पष्ट सांगितलंच नाही, की बाबांनो तुम्हाला वीज वाचवायची आहे की लांबून दिसणारं चित्र जपायचं आहे, दोन्ही पूर्ण मिळणार नाही, काही खांब फक्त दिसण्यासाठी ठेवायचे का, त्याचा खर्च कोण देणार. त्याऐवजी सगळी चर्चा पांढरा विरुद्ध पिवळा.

रंगाचा भागही सोपा नाहीये. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, थर. थर पातळ असला की निळसर पांढरा, जाड केला की पिवळट. उजेडाची ही छटा केल्विनमधे मोजतात, आणि आकडा जितका मोठा तितका प्रकाश थंड, म्हणजे निळसर, म्हणायची पद्धत असल्याने भल्याभल्यांची गडबड होते. सोडियम २००० च्या आसपास, घरातला जुना पिवळा बल्ब २७००, कार्यालयी पांढरा ५०००-६०००. पिवळट करताना फॉस्फरमधे थोडी शक्ती जाते म्हणून तेवढ्याच विजेत उजेड जरासा कमी मिळतो, त्या काळात तो फरक आजच्यापेक्षा जास्त होता आणि बचतवाले तोच धरून बसले होते. आजच्या दिव्यांत तो अगदी थोडा आहे.

पांढऱ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं. सोडियमखाली रंग ओळखूच येत नाहीत, रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक शंभरपैकी वीस-पंचवीस, त्यामुळे लाल गाडी आणि तपकिरी गाडी सारखीच, कॅमेऱ्याच्या फुटेजमधे तर विचारायलाच नको. एलईडीचा तोच निर्देशांक सत्तरच्या पुढे. शिवाय कमी उजेडात डोळ्याच्या कडेच्या नजरेला निळसर प्रकाश जास्त जाणवतो, म्हणून तेवढाच उजेड पांढरा असला तर रस्ता जास्त उजळ वाटतो. रात्री उशिरा कामावरून एकट्या परतणाऱ्या बाईला हा फरक सोनेरी हारापेक्षा महत्त्वाचा वाटू शकतो, आणि सौंदर्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी (मी पण त्यातलाच) हे फार हलक्यात घेतलं.

पण निळ्याचा तोटाही आहे, झोपेवर, पक्षीकिड्यांवर, डोळ्यात येणाऱ्या चकाकीवर. २०१६ मधे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने रस्त्यावर ३००० केल्विन किंवा त्याखालचेच एलईडी लावा आणि दिव्यांना झाकण ठेवून उजेड खाली वळवा असं सांगितलं. बघा, दोन्ही गोष्टी एकत्र, रंग आणि दिशा. आपल्याकडे हा वाद वर्षभर आधी झाला आणि फक्त रंगापुरता झाला.

प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, मरीन ड्राइव्हची शोभा गेली अशा अर्थाचं मत न्यायालयातही व्यक्त झालं, आणि शेवटी तिथे पिवळसर एलईडी लागले. म्हणजे तंत्र नवं, रंग जुन्यासारखा. जुन्यासारखाच, जुना नव्हे, कारण सोडियमचा तो नारिंगीपणा ३००० केल्विनच्या एलईडीत येत नाही. पण फोटोत ठीक दिसत होतं, दोन्ही बाजूंना आपण जिंकलो म्हणता आलं, विषय संपला. दिव्यांचं धोरण, म्हणजे कुठल्या रस्त्यावर किती उजेड, रात्री दोननंतर मंद करायचा का, समुद्राकडे किती सांडू द्यायचा, यावर या सगळ्यातून काही बाहेर आलं नाही. २०१८ मधे त्या आर्ट डेको इमारती आणि ओव्हल मैदानापलीकडच्या गॉथिक इमारती मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या, तेव्हाही रात्रीच्या दिसण्याची चर्चा जवळपास नव्हतीच.

मग पुढचं सगळं फार वेगाने झालं. एलईडीच्या पट्ट्या इतक्या स्वस्त झाल्या की उजेड ही जपून वापरायची वस्तूच राहिली नाही. सीएसएमटीचा दर्शनी भाग प्रसंगानुसार रंग बदलायला लागला, तिरंगा, गुलाबी, निळा, आणि त्या दगडी कोरीव कामाच्या सावल्या, ज्या दिवसा बघताना जीव रमतो, त्या सपाट झाल्या. काहींना आवडतं ते, मुलं तर खूश असतात. डिसेंबर २०२२ मधे जी-२० च्या बैठकीसाठी पाहुणे यायचे होते आणि त्याच सुमारास १,७०० कोटींच्या घरातला सुशोभीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला होता, त्यात पूल रंगवणं, भिंतींवर चित्रं, आणि मुख्य म्हणजे दिवे, खांबांना गुंडाळलेले, पुलाखाली लटकवलेले, झाडांच्या बुंध्यापासून फांद्यांपर्यंत वेटोळे घातलेले. लग्नाच्या हॉलबाहेरची रोषणाई बारा महिने. रंगाबद्दल बोलायचं तर पांढरा-पिवळा सोडा, जांभळा, हिरवा, निळा सगळंच होतं, आणि २०१५ मधे सौंदर्याचं बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी या वेळी तोंड उघडलं.

झाडांवरच्या दिव्यांविरुद्ध जनहित याचिका झाली, हायकोर्टाने नोटिसा काढल्या आणि २०२४ मधे पालिकेने वॉर्डांना ते दिवे उतरवायला सांगितलं. म्हणजे झाडांसाठी कायदा होता म्हणून झाडं सुटली. खांबांना तसं कोणी नाही. आमच्या रस्त्यावरच्या खांबांच्या पट्ट्यांपैकी निम्म्या बंद आहेत, उरलेल्या फडफडतात, तक्रार करायला गेलं की दिवा एका खात्याचा आणि पट्टी दुसऱ्याच कंत्राटातली असं ऐकायला मिळतं. पट्ट्यांचा ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारा डबा, पहिला जातो, त्यात समुद्राची खारी हवा, आणि देखभालीची मुदत संपली की त्या तिथेच लोंबकळत राहतात.

मार्च २०२४ पासून कोस्टल रोडची वाहतूक बोगद्यातून थेट मरीन ड्राइव्हवर येते, आणि पुढे वरळीपर्यंत समुद्राच्या कडेने खांबांची नवी रांग आहे. तिथला उजेड किती असावा आणि पाण्यावर किती पडावा यावर लोकांसमोर झालेली एकही चर्चा मला तरी आठवत नाही.